गॅरेजवर बांधलेलं शीड

मित्रांनो, आकुर्डीत मुंबई-पुणे रस्त्याला लागून इनायत मिस्त्रींचं गॅरेज आहे. त्याच्या दारावर ऊन अडवायला एक मळकट, ठिगळ लावलेलं कापड ताणलेलं दिसतं ना, ते मी. लोक मला ताडपत्री म्हणतात. मी ताडपत्री नाही. मी एक जुनं शीड आहे, समुद्रातल्या पडावाचं, म्हणजे शिडाच्या मालवाहू होडीचं शीड.

बासष्ट साली दाभोळच्या खाडीकाठी चार खलाशांनी मांडी घालून मला शिवलं. डोलकाठीवर चढवलं, पोटात वारा शिरला, आणि त्या घडीपासून स्वस्थ बसणं म्हणजे काय ते मी विसरलो. मी कौलं वाहिली, मीठ वाहिलं. पुढे आमच्या पडावाला इंजिन बसलं. माझी घडी झाली, ती घडी एका भंगारवाल्याबरोबर घाट चढून आली, आणि मिस्त्रींनी मला चार खुंट्यांना बांधून टाकलं.

ते दिवस आठवले की अजून जीव तगमगतो. रस्त्यावरून ट्रक गेला की वाऱ्याचा झोत येई. मला वाटे, आलं बोलावणं. मी दोऱ्यांना हिसके देई. मिस्त्री स्कूटरखालून डोकं काढून म्हणत, "हे कापड नाही राव, खेचर आहे." आणि गाठ आणखी आवळत. दिवसातून तीनदा कारखान्याचा भोंगा होई, माणसं सायकलींवरून धावत सुटत. मी मात्र तिथल्या तिथे फडफडत राही.

मन थोडं शांत होई ते एकादशीला. गॅरेजच्या पलीकडे विठोबाचं देऊळ आहे. तिथे कीर्तन असे. बुवा उत्तररंगात आले की हमखास भवसागर यायचा, नाव यायची, नावाडी यायचा. टाळांच्या ठेक्यावर मीही डुलत असे. माझ्या ओळखीचा विषय ना!

कीर्तनात पुढच्या रांगेत रुक्मिणीबाई बसायच्या. मुलगा ज्योतीराम कंपनीत लागला म्हणून बीडकडून इथे आलेल्या. एकोणऐंशी साली डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू सांगितला. नजर कडेकडेने विझत चालली होती. ज्योतीरामने विचारलं होतं, अजून किती दिवस दिसेल? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, काय बघायचं ते बघून घ्या.

गॅरेजमध्ये स्कूटर दुरुस्तीला टाकून मायलेक माझ्या सावलीत बसले होते, तेव्हा रुक्मिणीबाई बोलल्या. "चाळीस वर्षं भवसागर ऐकला बाबा. खरा सागर एकदा बघू दे."

ज्योतीरामकडे रविवार धरून चार दिवसांची रजा होती. त्याचं म्हणणं, आगबोटीने जाऊ. मिस्त्रींची बायको फरीदा दाभोळची. चहा देता देता तिने सांगितलं, की तिचा भाऊ बरकत अजून एक छोटा पडाव शिडावर चालवतो, दाभोळहून जयगडला जातो, माणसंही घेतो. पण तिने हेही बजावलं, की आगबोटीत बाक मिळेल, संडास मिळेल, पोहोचायची वेळ पाटीवर लिहिलेली मिळेल. पडावात यातलं काही नाही. फळीवर बसायचं, फळीवरच झोपायचं. प्यायचं पाणी मोजून. पोटात ढवळलं तर कोकम चोखायचं. तांडेल, म्हणजे पडाव हाकणारा, म्हणेल त्या बाजूला बसायचं, कारण माणूस सरकला की पडावही कलतो.

रुक्मिणीबाईंनी एकच विचारलं. "आगबोटीतून पाण्याला हात लागतो का गं?"

"नाही आजी. ती फार उंच."

"मग मला पडाव."

फरीदा हसली, आणि ज्योतीरामकडे वळून गंभीरपणे म्हणाली, "भाऊ, एक लक्षात ठेवा. पडावात बसल्यावर कधी पोहोचणार, हे विचारायचं नाही. वाऱ्याला घाई केलेली चालत नाही."

आजींना खाली अंथरायला म्हणून तिने मला खुंट्यांवरून सोडलं. मित्रांनो, माझा आनंद काय सांगू!

दाभोळच्या धक्क्यावर ज्योतीरामने मला पडावात पसरलं आणि चपलांसकट वर पाय ठेवला. बरकत तांडेलाने त्याचा हात धरून त्याला बाजूला केलं. माझ्या काठावरची दोर ओवायची भोकं चाचपून तो म्हणाला, "भाऊ, हे शीड आहे. शिडावर पाय देत नाहीत." त्याने मला झटकलं, घडी केली आणि डोलकाठीपाशी ठेवलं. कितीतरी वर्षांनी मला कुणी माझ्या नावाने हाक मारली होती.

सकाळभर वारा छान होता. रुक्मिणीबाई काठावरून हात सोडून बसल्या होत्या. पाणी बोटांतून पळत होतं, त्यांच्या तोंडी अभंग होता. ज्योतीराम मात्र घड्याळाकडे बघत होता. भोंग्यावर उठणारा, भोंग्यावर जेवणारा माणूस तो. त्याला वेळ कळल्याशिवाय श्वास घेता येईना. दुपारी त्याने विचारलंच. "तांडेल, कधी पोहोचणार?"

 बरकतने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा, योगायोग म्हणा की आणखी काही, वारा पडला.

मोठं शीड ओल्या धोतरासारखं लोंबायला लागलं. संध्याकाळ झाली, रात्र सरली, पडाव जागचा हलला नाही. खलाशी ज्योतीरामकडे तिरकं बघत होते. सोमवारी पहिली शिफ्ट गाठली नाही तर मेमो मिळणार होता, आणि गेल्या वर्षीचा एक आधीच होता. पहाटे त्याने आईला कळवळून म्हटलं, वल्ही मारून किनाऱ्याला लावायला सांगू, परत फिरू. पाणी तर बघून झालं.

रुक्मिणीबाईंनी पाण्यात सोडलेला हात काढून पदराला पुसला. मग हळूच म्हणाल्या, "बघून कुठं झालं बाबा. मला नुसता उजेड दिसतोय. लांबचं काही दिसत न्हाई आता. तुला सांगितलं नव्हतं."

ज्योतीरामने मनगटावरचं घड्याळ सोडलं, आणि खिशात टाकलं. मग बरकतपाशी जाऊन बसला आणि त्याने वेगळंच विचारलं. "तांडेल, मी काय करू?"

"आता जमिनीकडचा मतलई वारा येईल," बरकत म्हणाला. "अगदी हलका असतो. एका शिडाने तो धरवत नाही. ते तुमचं म्हातारं चढवू या. दोर ओढा."

ज्योतीरामने दोर ओढला. मी आडव्या बांबूला लागून वर चढलो. माझे धागे विरलेले, शिवणी सैल. पण जमिनीकडून मातीच्या वासाची झुळूक आली, माझ्या पोटात शिरली, आणि मी भरलो. अगदी रुक्मिणीबाईंच्या समोर, हातभर अंतरावर, कोवळ्या उन्हात उजळून. त्यांनी मान वर केली.

"फुगलं," त्या म्हणाल्या. "बाबा, मला दिसतंय. केवढं पांढरं." त्यांनी मला हात जोडले.

जयगड आलं तेव्हा माझी मधली शिवण उसवली होती. आजींनी तिथेच धक्क्यावर बसून, बोटांनी चाचपत, मला ठिगळ लावलं. ते घरी परतले मंगळवारी. ज्योतीरामला मेमो मिळाला. त्याने तो घडी करून खिशात ठेवला आणि कामाला लागला.

आता ब्याऐंशी साल आहे. मी पुन्हा खुंट्यांवर आहे, पण एका खुंटीची गाठ मिस्त्रींनी मुद्दाम सैल ठेवली आहे, त्यामुळे माझं पोट खाली झुकलेलं असतं. रुक्मिणीबाईंना आता काहीच दिसत नाही. एकादशीला कीर्तनाआधी त्या माझ्याखाली बसतात, आपल्याच ठिगळावर हात ठेवतात. ज्योतीराम शिफ्टवरून येतो, शेजारी बसतो. परवा एक गिऱ्हाईक मला बोटाने टोचून म्हणालं, "मिस्त्री, हे अजून किती दिवस टिकेल?"

उत्तर ज्योतीरामने दिलं. "असं विचारत नाहीत, भाऊ."

मित्रांनो, माझं मागणं तेवढंच. जुन्या वस्तूला आणि म्हाताऱ्या माणसाला अजून किती, हे विचारू नका. त्याची आम्हालाही कल्पना नसते. उसवलं तर एक टाका घाला, गाठ थोडी सैल करा. तो बघा, मोठा ट्रक येतोय. मला फुगता यावं म्हणून आजींनी ठिगळावरचा हात आधीच उचलला आहे.