तेलाचा हात

सावद्याच्या प्रेमराजभाऊंच्या मळ्यात केळीच्या घडाघडाला पिशवी होती. "घडाले डाग पडला, का व्यापारी नाक मुरडते," हे त्यांनी ज्योती सिस्टरला चहा येईपर्यंत दोनदा ऐकवलं. घडाचे केवढे ते लाड! आणि पोटच्या पोरीच्या पिशवीला मात्र हे गृहस्थ 'ते' म्हणायचे.

हेमांगी नऊ वर्षांची. आतड्याच्या ऑपरेशननंतर तिची शी पोटावर डॉक्टरांनी केलेल्या छिद्रातून तिथे चिकटवलेल्या पिशवीत यायची. शाळेत ती पिशवी तीनदा सुटली होती. प्रेमराजभाऊंनी निकाल देऊन टाकला, सोमवारपासून शाळा बंद. पोरीला स्वतःची पिशवी बदलायला शिकवावं म्हणून ज्योती जळगावच्या दवाखान्यातून आली होती.

"तिले काय जमते? आजी करते ना," भाऊ म्हणाले.

तीनदा सुटली, पण का सुटली ते बघायला हा बाप एकदाही वाकला नव्हता. तोंडाची वाफ दवडायला मात्र सदा तयार. ज्योतीला त्यांची किळस आली.

"आजी, तुम्ही कशी बदलता ते दाखवा," ती म्हणाली.

मंदाबाईंनी आधी तेलाची वाटी ओढली आणि दोन्ही तळव्यांना तेल चोळलं. "गोंद हाताले चिकटते ना बाप्पा."

ज्योतीने कपाळावर हात मारला. कच्ची केळी चिरताना चीक चिकटू नये म्हणून या घरात पिढ्यान् पिढ्या हाताला तेल लावत आले. तोच हात पोरीच्या पोटावर फिरायचा. तेलकट कातडीवर पिशवीची चिकट चकती टिकणार कशी? पण म्हातारीवर रागावणार तरी काय, तिने निदान हात तरी लावला होता.

मग ज्योतीने सांगितलं तसे हेमांगीने साबणाने हात धुतले. कोमट पाण्याने कातडी पुसली, कोरडी केली. चकतीला छिद्राच्या मापाचं भोक पाडताना कात्री वाकडी गेली.

"पाहा, म्हटलं होतं ना मी," भाऊ खुशीत म्हणाले. पोरगी चुकली याचाच आनंद! धन्य तो बाप.

ज्योतीने दुसरी चकती पुढे केली. या वेळी भोक नेमकं बसलं. हेमांगीने वरून तळवा दाबून धरला आणि तीनशेपर्यंत आकडे मोजले. मग अंगणात धावली, उकिडवी बसली, उड्या मारल्या. पिशवी जागची हलली नाही.

प्रेमराजभाऊंचा चेहरा एकदम पालटला. "वा रे माही वाघीण! पाहू, नीट बसली का?" म्हणत ते पहिल्यांदाच वाकले आणि हात पुढे केला. सकाळी घड कापताना चीक चिकटू नये म्हणून चोळलेल्या तेलाने तो हात अजून चकचकत होता.

हेमांगी दोन पावलं मागे सरली.

"तुम्ही नका पाहू, आबा. मी पाहते," ती म्हणाली. "तुम्ही फक्त सोमवारी मले शाळेत सोडा."