शिवणीतली अक्षरं

मित्रांनो, एका लहानशा संग्रहालयाची मी जुनी नोंदवही. लोकांनी घरून आणून दिलेल्या कुलपांची, कंदिलांची, घड्याळांची नावं माझ्या पोटात आहेत. जाड दोऱ्यानं शिवलेली माझी तीनशे पानं, पाठीला निळं कापड. संग्रहालय उभं करणारे मास्तर माझ्यात सुबक अक्षरात लिहीत. कोणी वस्तू दिली की सगळे म्हणत, "आधी वहीत चढवा!" केवढा मान होता माझा!

मास्तर गेले. त्यांची मुलगी, म्हणजे सगळ्यांच्या बाई, संग्रहालय बघू लागल्या. नव्या वस्तू येईनाशा झाल्या. मी कपाटात पडून राहिले. वाळवीच्या नुसत्या विचारानं माझा जीव वरखाली होई.

मग संग्रहालयाची जागा बदलायची ठरली. यादीशिवाय सामान कसं हलवणार? एका कॉलेजच्या हॅकेथॉनमध्ये, म्हणजे एका दिवसात काम तडीस नेण्याच्या स्पर्धेत, चार विद्यार्थ्यांनी माझ्या पानांवरून संगणकावर यादी करायचं काम निवडलं. त्यांची म्होरकी एक किडकिडीत मुलगी होती. सगळे तिला कॅप्टन म्हणत. "बाई, जिवापाड सांभाळू," असं सांगून तिनं मला कॉलेजच्या हॉलमध्ये नेलं.

पाचच्या आत काम संपवायचं होतं. दुपारपर्यंत जेमतेम चाळीस पानांचे फोटो निघाले.

"कॅप्टन, अशानं आपला बोऱ्या वाजणार!" तिचा मित्र म्हणाला. "शिवण कापू. सुटी पानं स्कॅनरमध्ये टाकली की अर्ध्या तासात काम फत्ते."

"आणि बाई?"

"परत शिवून देऊ की!"

तिनं घड्याळाकडे पाहिलं. नखं कुरतडली. मग हळूच म्हणाली, "काप."

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. कात्रीचं पातं पाठीला टेकलं तेव्हा ते किती गार होतं, एवढंच आठवतं. पहिला दोरा तट्‌कन तुटला. पानं फाकली.

"थांब! हात काढ!" कॅप्टन किंचाळली.

शिवणीच्या अगदी आत, पातं फिरणार होतं तिथंच, पेन्सिलीची बारीक अक्षरं होती. तिनं वाचलं, "काच तडकलेली. कंदील वरून धरू नये." पुढच्या पानावर होतं, "पेटीच्या तळाशी धारदार पातं. बोट घालू नये."

मित्रानं कात्री खाली ठेवली.

कॅप्टन मला छातीशी धरून हॉलबाहेर थांबलेल्या बाईंकडे गेली. तिच्या काळजाची धडधड मला ऐकू येत होती. "बाई, कापायला मीच सांगितलं. चूक माझी आहे."

आता आपल्याला रद्दीत टाकणार, असं मला वाटलं. बाई कितीतरी वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या.

"बाबांचं अक्षर," त्या म्हणाल्या. "शिवण उसवेल म्हणून मी ही वही कधी पुरती उघडलीच नाही गं."

मग त्यांनी बाही सावरली. "काढा फोटो. पानं मी धरते."

पाचपर्यंत एकशे बारा पानं झाली. बक्षीस दुसऱ्याच चमूला मिळालं. पण ही चौघं पुढचे चार शनिवार येत राहिली. सामान हललं तेव्हा प्रत्येक खोक्यावर मास्तरांची सूचना डकवलेली होती. एकही काच फुटली नाही, कुणाचं बोट कापलं नाही.

माझा तुटलेला दोरा कॅप्टननं स्वतः शिवला. टाके वाकडे आहेत, पण घट्ट आहेत. तरी कात्रीचा आवाज आला की मी अजून दचकते.

मित्रांनो, जुन्या वह्यांना भिऊन कपाटात कोंडू नका. उघडा, वाचा. फक्त आधी हात कोरडे करा, टेबल मोकळं करा. आणि फारच घाई असेल, तर कृपा करून उद्या या.