विल्फची चूक

आमच्या हॉलिनशॉ बुद्धिबळ क्लबाला लीगची ढाल एकदाच मिळाली, शहाऐंशी साली, आणि तेव्हा कॅप्टन मी होते. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणेल, बाई कबुलीच्या नावाखाली मिरवून घेतेय. मिरवायचंच असतं तर सोळा वर्षं तोंड दाबून बसले नसते.

क्लब मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत भरायचा, दर मंगळवारी. रविवारी तिथं लहान मुलांचा वर्ग असे, त्यामुळे खुर्च्या त्यांच्याच मापाच्या. मोठमोठे बाप्ये गुडघे कानाशी घेऊन बसत. भिंतीवर मुलांनी काढलेली नोहाची नाव, तिच्यातल्या जिराफाला पाच पाय. चर्चमध्ये बिअर चालत नसे, म्हणून क्रॅगलीवाले आमच्याकडे यायचं म्हटलं की नाक मुरडत. त्यांचा क्लब पबच्या वर होता ना! आमच्याकडे चहा, आणि नोव्हेंबरात सिरिलच्या बायकोनं केलेला आल्याचा काळा केक. तो आधी बोटांना चिकटे आणि मग मोहऱ्यांना. आमचा काळा वजीर वर्षभर चिकटच असायचा.

मला कॅप्टन केलं ते माझ्या खेळावर खूश होऊन नव्हे. सहा पटांतला सहावा, सगळ्यात खालचा, माझा. पण दर रविवारी पाच पुरुषांना फोन करून "मंगळवारी येतोयस ना?" विचारायची कुणाचीच तयारी नव्हती, आणि माझ्या नवऱ्याची भाजीची व्हॅन होती. परगावचा सामना असला की बटाट्याच्या पोत्यांवर बसून, धुक्यातून डोंगर ओलांडून आम्ही जायचो. येताना हरलेला माणूस आपला डाव पहिल्या खेळीपासून सांगायचा आणि बाकीचे झोपेचं सोंग घ्यायचे. आजही कुठं ओल्या बटाट्यांचा वास आला की मला ते सगळे आठवतात, आणि जीव कासावीस होतो.

लीगमध्ये बाई कॅप्टन मी एकटीच. पहिल्याच सामन्यात क्रॅगलीच्या कॅप्टननं, नेव्हिलनं, माझ्या हातात कोट दिला होता. मी चहावाली, असं वाटलं त्याला. त्या दिवसापासून मला ती ढाल हवी होती, आणि अगदी वेड्यासारखी हवी होती.

आमच्या दुसऱ्या पटावर विल्फ सग्डन. वय साठ, मिलमध्ये लोकर निवडण्यात जन्म गेलेला. अंगठा आणि बोटात तंतू चोळून तो लोकरीची जात सांगायचा, आणि ढिगाऱ्यातला एक वाईट पुंजका बरोबर बाहेर काढायचा. मिल बंद पडली, पण सवय गेली नाही. विचार करताना मारलेलं प्यादं बोटांत चोळत बसे. क्लबात सगळे एकमेकांना अरे-तुरे करत, वयाचा संबंध नसे. पण विल्फ मला "पोरी" म्हणायचा, आणि ते मला आवडायचं.

शेवटचा सामना एप्रिलात, आमच्याच खोलीत, क्रॅगलीशी. आम्ही त्यांच्यापेक्षा एका गुणानं पुढे होतो. सामना बरोबरीत सुटला तरी ढाल आमची. हरलो तर त्यांची. पाच डाव संपले तेव्हा अडीच-अडीच. उरला होता विल्फ, समोर डॉक्टर पिम. पिम दातांचा डॉक्टर. त्यानं विल्फला त्याआधी नऊ वेळा हरवलं होतं आणि दर वेळी हात मिळवताना म्हणायचा, "दुखलं नाही ना?"

विल्फकडे पांढरे. पिमकडे उंट आणि एक प्यादं जास्त, विल्फकडे नुसता घोडा. तीन तास झाले, घड्याळं थांबवली. तेव्हा नियम असा होता की अपुरा डाव कागदावर उतरवून लीगच्या पंचाकडे पाठवायचा. सोबत दोन्ही क्लबांनी आपापला दावा लिहायचा, विजय की बरोबरी. पंच बघून निकाल देई. दोघांचा दावा एकच असला तर मात्र पंचाकडे जायचंच नाही, तोच निकाल.

मी पट बघितला आणि मोहरे पुन्हा मोजले.

"हे हरलंय," सिरिल माझ्या कानात म्हणाला. सिरिल म्हणजे आमचा पोस्टमन, तिसरा पट. "पिम हसतोय बघ. दात मोजतोय विल्फचे."

"जिंकलोय मी," विल्फ म्हणाला.

"कसा रे बाबा?"

"घोडा देऊन टाकायचा. फुकट. मग राजा कडेकडेनं चालत जातो."

"घोडा फुकट! अरे, त्यापेक्षा चष्मा दे त्याला."

सगळे हसले. विल्फही हसला, आणि घरी गेला.

गुरुवारी तो मी काम करायचे त्या शाळेच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा. हातात चार कागद, पेन्सिलीनं गच्च भरलेले. पहिल्यावर डावाची आकृती, पट्टीनं आखलेली.

"हे पंचाला पाठव," म्हणाला. "विजयाचा दावा घाल. पोरी, पिमला एकदा तरी हरवायचंय मला. नऊ वेळा हात मिळवलाय त्याच्याशी."

त्याच संध्याकाळी नेव्हिलचा फोन आला. "मॉरीन, पिम म्हणतो तो जिंकतोय. पण तो चाललाय सुट्टीला, लिहीत बसायला वेळ नाही त्याला. बरोबरी लावून टाकू या? ढाल तुमची, आम्ही टाळ्या वाजवतो."

ते चार कागद माझ्यासमोर होते. मी वाचायला घेतले, खरंच घेतले. दुसऱ्या पानावर माझं डोकं चालेना. पंचालाही पटलं नाही तर? पिम जिंकतोय असं तो म्हणाला तर? चाळीस वर्षांत पहिल्यांदा हाताशी आलेली ढाल एका म्हाताऱ्याच्या फुकटच्या घोड्यापायी घालवायची? मी नेव्हिलला "हो" म्हटलं.

आणि दोन आठवड्यांनी विल्फला सांगितलं, "पंच म्हणतो, बरोबरी."

त्यानं एवढंच विचारलं, "कागद परत आले?"

"ते परत नाही पाठवत." एकदा खोटं बोललं की दुसरं आपोआप येतं. कागद माझ्या टेबलाच्या खणात होते.

"मग कुठंतरी चूक आहे माझी," विल्फ म्हणाला. "पंच म्हणतो म्हणजे असणारच. शोधतो."

मला वाटलं, आठवडाभर शोधेल आणि सोडून देईल. ढाल आली, नेव्हिलनं टाळ्या वाजवल्या, आम्ही ती पाच पायांच्या जिराफाशेजारी टांगली. आणि विल्फ खिशातला छोटा पट काढून तोच डाव मांडू लागला. दर मंगळवारी. सामना नसला की कोपऱ्यात बसून, पोत्यावर बसून, माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीनंतर चहाच्या वेळीसुद्धा. "काळ्यांना काहीतरी सुटका आहे," म्हणायचा, "मला दिसत नाही एवढंच." सिरिल चिडवायचा, "विल्फ, घोडा सापडला की कळव." मी चहा ओतायला उठायचे. दर वर्षी ठरवायचे, यंदा सांगून टाकू. आणि दर वर्षी ते आणखी अवघड व्हायचं, कारण आता नुसतं खोटं सांगायचं नव्हतं, त्याची इतकी वर्षं वाया गेली हे सांगायचं होतं. भित्री होते मी, दुसरं काही नाही.

पिम वारला. सिरिल मुलीकडे राहायला गेला. विल्फचा गुडघा गेला, मग तो टेकडीवरच्या वृद्धाश्रमात गेला. दोन हजार दोनच्या मार्चमध्ये त्याचा फोन आला, आवाज विशीतल्या माणसासारखा.

"पोरी, सापडली! चूक सापडली माझी!"

"काय सांगतोस?"

"उंट मागे. राजा अर्ध्या वाटेत असताना त्यानं उंट सरळ मागे घ्यायचा. मग मला जाता येत नाही. त्या कागदांत ही खेळी मी बघितलीच नव्हती. पंचाला दिसली असणार. केवढा हुशार माणूस!"

फोन ठेवला आणि मला रडू फुटलं, आनंदानं. म्हणजे बरोबरीच होती तर! सोळा वर्षांचा दगड छातीवरून उतरला. त्या आनंदातच मी जावयाला म्हटलं, तुझ्या संगणकावर हा डाव मांडून दे. खणातून कागद काढले. संगणकानं आधी काळ्यांचं बरं आहे म्हणून दाखवलं. मी बटाटे सोलायला गेले. परत आले तर पडद्यावर घोडा. घोडा द्या, म्हणत होता. मी उंट मागे घेतला. तो क्षणभर थांबला आणि त्यानं राजा उलट्या बाजूनं फिरवला. पुढच्या वीस खेळ्या मी बघत होते, हातात सोलणं तसंच. पांढरे जिंकत होते.

दोन दिवस मी कागद खणात टाकत आणि पुन्हा काढत राहिले. म्हातारा खूश आहे, चूक सापडली म्हणून शांत झोपतोय. कशाला ढवळायचं? मग वाटलं, नसलेली चूक उराशी घेऊन तो जाणार, आणि ती मी दिलेली. तिसऱ्या दिवशी दुपारी कागद घेऊन गेले.

तो खिडकीशी बसला होता, खिशातला पट मांडीवर. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पंचाकडे काही गेलं नव्हतं. नेव्हिलचा फोन. खण. संगणक. सांगताना माझा आवाज शाळकरी पोरीसारखा झाला होता.

विल्फनं कागद हातात घेतले, अंगठ्यानं चोळले. मला वाटलं, आता हा मला बाहेर काढणार, आणि काढलंच पाहिजे.

"थांब," तो म्हणाला. "बरोबरी कुणी मागितली?"

"नेव्हिलनं. पिमच्या सांगण्यावरून."

"पिमनं मागितली? स्वतः?"

"हो. वेळ नाही म्हणाला."

"वेळ नाही!" विल्फ इतका हसला की शेजारची बाई जागी झाली. "अगं, जिंकत असता तर वेळ काढला असता त्यानं. दिसला होता त्याला घोडा! पिमला दिसला होता!" डोळे पुसत होता. "दहाव्या डावात घाबरला होता तो मला."

"विल्फ, मी सोळा वर्षं..."

"ते आहेच. वाईट केलंस." हे तो हसू थांबवून म्हणाला, आणि माझी मान खाली गेली. "बस आता. पांढरे तुझे. जिंकून दाखव."

घोडा देण्यापर्यंत मला येत होतं. मग त्यानं उंट मागे घेतला. राजा उलट्या बाजूनं फिरवायचा एवढं मला आठवत होतं, पण कधी आणि कुठून ते नाही. अर्धा तास झगडले. जीव तोडून खेळले, कारण मुद्दाम हरले तर त्याला कळलं असतं. शेवटी दोन राजे उरले.

"बरोबरी," विल्फ म्हणाला. "बघ, तुझ्या हातात डाव असता तर तुझा दावा बरोबर होता. फिरव पट."

आता मी काळे घेतले आणि त्याचाच उंट मागे नेला. विल्फ थांबला. मारलेलं प्यादं बोटांत घेऊन चोळत राहिला. चहा आला, गार झाला. मी संगणकाची खेळी सांगायला तोंड उघडलं, तर त्यानं न बघताच हात वर केला. गप्प. मग राजा उचलला आणि उलट्या बाजूनं नेला.

पुढे मला हरायला फार वेळ लागला नाही. मी माझा राजा आडवा केला आणि हात पुढे केला.

त्यानं हात मिळवला नाही. चौथा कागद उलटा करून माझ्यासमोर सरकवला, पेन्सिल दिली.

"दावा लिही. कॅप्टन तू आहेस."

मी लिहिलं, पांढऱ्यांचा विजय. खाली सही केली. मला अक्षरं नीट दिसत नव्हती.

"तारीख शहाऐंशीची घालू?"

"छे! उंट मागे त्या कागदांत कुठं होता? पुरावा आज पुरा झाला." मग त्यानं हात पुढे केला. "आजची घाल, पोरी."

मी आजची तारीख घातली.