नव्या साड्या आणि काळी कढई

मित्रांनो, बूड काळे आहे म्हणून नाक मुरडू नका. वाशी तालुक्यातल्या खवाभट्टीवरची मी जुनी लोखंडी कढई. लोहाराने ठोकून ठोकून मला घडवले. आता कानाला ठिगळ लागले आहे, पण दूध अजून माझ्यातच आटते. पेढ्याची वाहवा मात्र दुकानाच्या पाटीला मिळते. चालायचेच.

माझी खरी सोबतीण दैवशाला. धगीसमोर उभी राहून ती दूध ढवळते. हात जरा थांबला की खवा करपलाच. मजुरी मिळायची घाण्यावर, म्हणजे एकदा दूध ओतून खवा उतरवला की एक घाणा. तेवढ्यात भागेना, म्हणून जास्त घाणे उतरवायला ती घाईघाईने जाळ वाढवायची आणि माझे बूड भाजून निघायचे. मला राग यायचा, पण तिचा नाही.

पुण्याची एक मिठाईची कंपनी दरवर्षी खव्याचा भाव पाडून मागायची. भट्टीचे मालक सिद्धलिंग तीच कात्री मजुरीला लावायचे. शेवटी दैवशालाने दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे ठरवले. म्हणजे आठवीतल्या आरोहीची शाळा सुटणार. लेकीला उसाच्या फडावर न्यायच्या विचाराने दैवशाला माझ्यासमोर ढसाढसा रडली. मलाही फार वाईट वाटले.

अशातच कंपनीच्या सोनालीताई भट्टी बघायला येणार, असा फोन आला. खवा खरेदीचे काम त्यांच्याकडे होते. मालकांनी काय केले असेल? घरी सोयरे यायचे असावेत तसा थाट! मला घासून लख्ख केले, बायकांना नव्या साड्या आणल्या आणि बजावले, "इचारलं तर समदं बेस हाय म्हणा."

लख्ख झाल्यावर मी मनातून फुशारले, खोटे कशाला बोलू?

सोनालीताईंनी विचारलेच, "एवढ्या मजुरीत घर चालतं का हो?"

बाकीच्या बायका मालकांकडे बघू लागल्या. दैवशालाचा ढवळता हात थांबला नाही, पण तिने तोंड उघडले.

"साडी एका दिसाची हाय, मॅडम. घर रोजचं हाय. म्या लेकीला घिऊन उसाला निघाले."

मालक गोरेमोरे झाले. मग उसळून म्हणाले, "तुमी भाव पाडणार, मंग म्या मजुरी कुठनं वाढवू?"

"चूक आमचीही आहे," सोनालीताई हळूच म्हणाल्या.

घाणा उतरल्यावर तिघेही तिथेच पोत्यांवर टेकले. किराणा, दवाखाना, शाळा, अडीनडीला गाठीशी थोडे, घराला काय काय लागते ते दैवशालाने सांगितले. आधी तेवढा पगार धरायचा आणि त्यावरून खव्याचा भाव काढायचा, असे ठरले. कंपनीने भाव वाढवायचा, मालकांनी घाण्याची मजुरी मोडून महिन्याचा पगार द्यायचा. पुण्याच्या वरिष्ठांनी आधी नकार दिला. सोनालीताईंनी हट्ट सोडला नाही. मग मालक आणि दैवशाला एकाच एसटीने पुण्याला गेले.

"ठरल्याबिगर उठायचं न्हाय, मालक," निघताना ती म्हणाली होती. ठरवूनच दोघे परतले.

दसरा झाला. ऊसतोडीचे मजूर न्यायला मुकादमाचा ट्रॅक्टर गावात आला, हॉर्न वाजवून वाजवून दमला. दैवशाला माझ्यापाशी उभी राहून दूध ढवळत होती. आरोही शाळेत होती.

मित्रांनो, लाकडे कितीही महागली तरी माझ्याखालचा जाळ कोणी अर्धा करत नाही. केला तर दूध आटणारच नाही. मग काटकसर ढवळणाऱ्या बाईच्या घासातच का? पेढा तोंडात टाकण्याआधी हे एकदा दुकानदाराला विचाराच.