बहिरू भगताच्या जिभेवरचा कापूर

बहिरू भगताने पेटत्या कापराची वडी जिभेवर ठेवली आणि भाजे गावाच्या वरच्या वस्तीतल्या माणसांनी श्वास रोखला. भगताने तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. जीभ शाबूत! "देवी आली गं बया!" बायांनी कडाकडा बोटं मोडली.

पुढ्यात चिंगी बसली होती. वय सोळा. परवा तिचा चेहरा सुजून डोळे मिटले होते. आज तिसऱ्या दिवशी सूज उतरली होती.

"कुणी उतरवली?" भगत गरजला.

"देवीनं!"

"कोंबडी कुनाला?"

"देवीला!" देवीच्या कोंबडीचा रस्सा नेहमी भगताच्याच घरी शिजे, पण ते विचारायचं नसतं.

"आता मूळ उपटायचं," भगत म्हणाला. "सावित्रे, पोरीच्या जिभंवर कापूर ठेवू. धर तिचं तोंड."

चिंगीची आई सावित्राबाई उठली. चार वर्षांपूर्वी नवऱ्याचंही तोंड तिनेच धरलं होतं. कापूर झाला, संध्याकाळी त्याची जीभ फुगली, गळा बंद झाला आणि पहाटेपूर्वी तो गेला. "देवी रागावली," भगत म्हणाला होता. तेव्हापासून सावित्राबाईच्या आत सगळं बधिर होतं. भीती नाही, राग नाही. सांगितलं की ती उठायची, सांगितलं की बसायची.

"थांबा!"

लोणावळ्याचे डॉक्टर खांबेटे धापा टाकत चढून आले. चिंगी त्यांच्याकडे धुणीभांडी करायची. तीन दिवस आली नाही, म्हणून ते माळवलीपर्यंत गाडीने येऊन पुढे डोंगर चढले होते.

"आबा, तो कापूर मला द्या."

"जळशील, डागदर!"

"बघू या." डॉक्टरांनी जीभ तोंडात घोळवून ओली केली, पेटता कापूर तिच्यावर ठेवला आणि चटका बसायच्या आत तोंड मिटलं. कापूर विझला. जीभ शाबूत.

"ह्येच्यातबी देवी शिरली का काय?" म्हातारा कोंडाजी पुटपुटला.

"थुंकी शिरली, कोंडाजी! जीभ ओली हवी आणि तोंड वेळेत मिटायला हवं, एवढंच. पोरांनो, करून बघू नका." मग ते सावित्राबाईकडे वळले. "हिची सूज किती दिवसांत उतरते?"

"तीन."

"आणि भगताकडे नेलं नाही तेव्हा?"

सावित्राबाई आठवू लागली. शिमग्यात भगत औंढ्याला गेला होता. चिंगीचा पाय सुजला होता.

"तवाबी... तीनच."

भगत निरगुडीचा फोक झाडू लागला. त्याच फोकाने झोडून तो अंगात देवी उठवायचा.

"आणि सूज सुरू कुठून होते?"

"तेरवा गालावर फोक बसला, दुसऱ्या दिशी गाल सुजला." सावित्राबाई फोकाकडे बघत राहिली. "मागं हातावर बसला, तवा हात."

"हिच्या रक्तात सूज आवरणारी एक गोष्ट कमी आहे," डॉक्टर म्हणाले. "बापाकडून आलेली; त्यालाही अशीच सूज यायची, हे चिंगीने सांगितलंय. जरा मार बसला, चटका बसला, की तिथे सूज येते. कधी काहीही न होता येते, आणि दोन-तीन दिवसांत आपोआप उतरते. पित्त उठल्यावर देतो ती सुई मी मागे दिली, तिचा उपयोग झाला नाही. म्हणून पुण्याला लिहून विचारलं. सूज वारंवार येऊ नये म्हणून गोळ्या आहेत. विलायतेत आणखी चांगल्या निघाल्यात, त्याही मागवू. गळा सुजला तर घरी बसायचं नाही, तडक पुण्याला न्यायचं. दुसऱ्याच्या ताज्या रक्तातलं पाणी शिरेतून देतात. वेळ पडली तर गळ्याला छेद देऊन श्वास चालू ठेवतात. मुळासकट जाणार नाही हे दुखणं, पण त्यापायी मरायची गरज नाही."

"माजा न्हवरा? त्येंच्याबी जिभंवर ह्योच कापूर ठिवला व्हता, त्याच राती गेले," सावित्राबाईने विचारलं.

डॉक्टरांनी मान खाली घातली. "तुम्हाला-मला कापराने काही होत नाही, सावित्राबाई. त्यांना तेवढा चटका पुरला."

तिला रडू आलं नाही. तिने आपले हात पाहिले. हेच हात होते. मग ती वाकली, कोंबडीच्या पायांची दोरी सोडली आणि कोंबडी काखेत मारली.

"सावित्रे, देवीचा कोप हुईल!" भगत ओरडला.

"हुंदे. देवीला म्या हात जोडीन, आबा. पर त्येंचं तोंड म्या धरलं व्हतं, तुमी सांगितलं म्हनून." तिचा आवाज चढला नाही. ती गर्दीकडे वळली. "बायांनो, देव कुनीबी माना. पर दुखनं कवा आलं, कवा गेलं, ते आदी मोजा. म्या मोजलं न्हाई."

तिने चिंगीचा हात धरला आणि डॉक्टरांच्या मागोमाग डोंगर उतरू लागली.