खिडकीचं मिनिट

आमची मीटिंग गप्प बसण्यापासून सुरू होते. सहा देशांतले सहा गट, आणि एक मिनिट कुणीही तोंड उघडायचं नाही. खिडकी उघडायची, लॅपटॉप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा आणि बाहेर जे काही चाललं असेल ते सगळ्यांना ऐकू द्यायचं. ही कल्पना माझी नव्हे. चार वर्षांपूर्वी पहिल्याच मीटिंगला बेटावरच्या गटाचा आवाज गेला. तो परत येईपर्यंत सगळे ताटकळत बसले, आणि त्या शांततेत खाडीवाल्यांच्या मागे भरतीचं पाणी वाजताना ऐकू आलं. भांडायच्या तयारीनं आलेली माणसं बघता बघता निवळली. मी ते मिनिट लगेच कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर टाकलं. फुकटात मिळालेली शांतता मी सोडत नाही.

कागदावर माझं काम म्हणजे पर्यावरण धोरण आणि हरित विकास यांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधनाचं समन्वयन. खरं म्हणजे मी लोकांच्या मिनतवाऱ्या करते. डोंगरवाल्यांनी चार वर्षांत एकदाही वेळेवर आकडे पाठवलेले नाहीत. जंगलवाला गट दर वेळी नवीन माणूस पाठवतो आणि मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगते. आकडेवारी सांभाळणाऱ्या गृहस्थांना आम्ही सगळे दशांश म्हणतो, कारण दोन दशांश स्थळांशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नाही. आणि उत्तरेकडच्या तलावावर एक वयस्कर संशोधक बाई आहेत. त्या क्वचित बोलतात, पण बोलल्या की दशांशसुद्धा पेन खाली ठेवतात.

दर मंगळवारी मी लॅपटॉप कट्ट्यावर ठेवायचे, हेडफोन लावायचे आणि डोळे मिटायचे. मग खाडीचं पाणी यायचं. बेटावर कुणीतरी होडी ओढत असायचं. जंगलाच्या बाजूला पानांवरून काहीतरी ठिबकत राहायचं. सगळ्यांत शेवटी तलावावरचा तो खोल आवाज, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी सावकाश फुंकर घातल्यासारखा. माझ्याकडे सकाळचे दहा वाजलेले असायचे, तिथे पहाट. त्या आवाजानं मला लहान झाल्यासारखं वाटायचं, का ते कळायचं नाही. खोलीच्या भिंती दूर सरकायच्या आणि मी कुठल्या देशात बसले आहे याचा विसर पडायचा. मिनिट संपलं की मी डोळे उघडून डोंगरवाल्यांना आकडे मागायचे.

हेडफोन जाड होते. बाहेरचं काही आत येऊ देत नसत. ते घेतले बाबांच्या रेडिओमुळे. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच असतात आणि त्यांचा रेडिओ अख्ख्या इमारतीला ऐकू जातो. माझं काम सुरू झालं की ते रेडिओ बंद करून गॅलरीत जाऊन बसत, हे मला ठाऊक होतं. तरी हेडफोन काही सुटले नाहीत. खरं सांगायचं तर कामाच्या वेळी मला घरात घर नको असायचं.

गॅलरीसमोर दलदल आहे. पूर्वी भरलेली होती, आता बरीचशी वाळली आहे. बाबा तिथलेच पाणी मोजणारे. खांबावरच्या खुणा वाचायच्या, वहीत लिहायच्या आणि बांधाच्या दाराचं चाक फिरवून पाणी अडवायचं किंवा सोडायचं, हे त्यांनी तेहतीस वर्षं केलं. आता ती जागा मातीनं बुजवून तिथे सौरपट्ट्या आणि एक हरित वसाहत उभी करायची योजना होती. सौरपट्ट्यांना मी नावं ठेवणार नाही, त्यांच्यासाठीही मी अहवाल लिहिले आहेत. पण त्या दलदलीच्या काठावर मी चालायला शिकले.

आमच्या अहवालात प्रत्येक जागेला यादी होती. पहिल्या यादीतली जागा म्हणजे हात लावू नका, दुसरीतली म्हणजे खुशाल बांधा. आमची दलदल पहिल्या यादीत होती, तीही एका परिशिष्टाच्या जोरावर. खिडकीच्या मिनिटाचं दर वेळी रेकॉर्डिंग व्हायचं. दशांशांनी चार वर्षांचं सगळं ऐकून त्या परिशिष्टात नोंद केली होती. दलदलीत एक अनोळखी पक्षी, आवाज तलावावरच्या पक्ष्याशी जुळणारा, नर, आवाजात किंचित कंप, वय बरंच असावं. एकाच जातीचा पक्षी इतक्या दूरच्या दोन जागी, म्हणजे दोन्ही जागांमध्ये दुवा. या दुव्यावर सगळे बेहद्द खूश होते. मीही. रेकॉर्डिंग मी कधी ऐकलं नव्हतं. फाइल केवढी आहे ते पाहायचे आणि पुढे पाठवायचे. अहवाल शुक्रवारी जायचा होता.

त्या आधीच्या मंगळवारी हेडफोनांनी मान टाकली. चार्ज करायचे राहून गेले होते. मी लॅपटॉप तसाच कट्ट्यावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि डोळे मिटले. शेजारी गॅलरीचं दार उघडं होतं.

खाडी आली. होडी आली. आणि मग तो खोल आवाज आला, पण लॅपटॉपमधून नव्हे. डाव्या हाताला, चार पावलांवरून.

मी डोळे उघडले. बाबा गॅलरीत उभे होते. दोन्ही तळवे जुळवून त्यांनी मधे पोकळी केली होती आणि अंगठ्यांच्या फटीतून ते दलदलीकडे फुंकर घालत होते. मी सहा वर्षांची असताना ते मला खांद्यावर घेऊन असंच करायचे, आणि समोरच्या पाणकणसाच्या गवतातून तो पक्षी उत्तर द्यायचा. पक्षी गेले तेव्हा हेही थांबलं असं मी समजून चालले होते. आवाजात किंचित कंप होता. वय बरंच होतं, ब्याऐंशी.

आमचा अनोळखी पक्षी, आमचा दुवा, आमची पहिली यादी, सगळं स्वेटर घालून गॅलरीत उभं होतं.

तेवढ्यात लॅपटॉपमधून उत्तर आलं. तलावावरून. अगदी तोच आवाज, जरा तरुण.

बाबा गर्रकन वळले. हात तसेच जुळलेले.

"कुठे आहे तो?" त्यांनी विचारलं.

मिनिट संपायला वीस सेकंद होती. पडद्यावरचे सगळे डोळे मिटून बसले होते. मला माईक बंद करता आला असता. बाबांना हळूच आत नेता आलं असतं. शुक्रवारी अहवाल गेला असता, दलदल वाचली असती आणि कुणालाही कधीच कळलं नसतं. बाबांनी तर मला शाबासकीच दिली असती. बोट बटणापर्यंत गेलंही. पण चार वर्षं मी या लोकांना एकच गोष्ट बजावत आले होते, की जे आहे तेच लिहा.

"परिशिष्ट चार चुकीचं आहे," मी म्हणाले. "आमच्या दलदलीतला पक्षी म्हणजे माझे वडील आहेत."

एकेक जण डोळे उघडू लागला. मी बाबांना कॅमेऱ्यासमोर आणलं आणि हात दाखवायला सांगितले. त्यांनी बिचाऱ्यांनी गोंधळून नमस्कार केला. बेटावरचा माणूस फस्सकन हसला आणि लगेच ओशाळला.

दशांशांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे दुवा नाही. दुवा नाही तर जागा दुसऱ्या यादीत जाते. मला वाईट वाटतं, पण दुसरा इलाज नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

"थांबा," तलावावरच्या बाई म्हणाल्या. "माझा पक्षी खरा आहे. मोसम नसतानाही तो मंगळवारी पहाटे का ओरडतो, हे चार वर्षं मला सुटत नव्हतं. माझा लॅपटॉप कट्ट्यावर असतो, त्यातून तुमच्या वडिलांची हाक बाहेर जाते. पक्षी त्यांना उत्तर देतोय."

ते मी बाबांना सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि सावकाश बसले.

"त्यांना विचार, तिकडे पाणी किती आहे?"

मी विचारलं. बाई गमबूट घालून लॅपटॉपसकट बाहेर पडल्या. पडद्यावर धुकं हललं, गवत हललं, मग स्थिर करडं पाणी दिसलं. बाई त्यात उतरल्या. "गुडघ्याला लागतंय," त्या म्हणाल्या.

"बरोबर," बाबा म्हणाले. "त्याला गुडघाभर लागतं. आपल्याकडेही तेवढंच होतं." ते थोडा वेळ हातांकडे बघत राहिले. "वरून हुकूम आला, पाणी सोडून द्या. दार मीच उघडलं. बावीस फेरे. दोन वर्षांत एकेक करून सगळे गेले. वहीत आहे सगळं, तारखेनिशी."

"तुम्ही कधी बोलला नाहीत," मी म्हणाले.

"कोणत्या तोंडानं बोलू? मी आपला रोज सकाळी हाक मारत होतो. परत आलाच एखादा तर निदान कुणीतरी आहे असं वाटावं त्याला."

मी तेही भाषांतर करून सांगितलं. मधे दोनदा थांबावं लागलं.

दशांशांनी पेन उचललं. "त्या वह्या किती वर्षांच्या आहेत?"

"तेहतीस," मी म्हणाले.

"पाणी आणि पक्षी, दोन्हींच्या नोंदी?"

"दोन्ही."

"तर मग तिसरी यादी करावी लागेल," ते पुटपुटले. "पाणी परत अडवून पाहण्याजोग्या जागा. मान्य होईल याची खात्री मी देत नाही. आणि ते बावीस फेरे, नक्की बावीसच का?"

"बावीस आणि वर पाव," बाबा म्हणाले.

"बावीस दशांश दोन पाच," दशांशांनी लिहून घेतलं. चार वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

मीटिंग संपली. पक्ष्याची नोंद मी अहवालातून काढून टाकली आणि बाबांच्या वह्या माळ्यावरून उतरवल्या. पहिली वही उघडून आम्ही दोघं जमिनीवर बसलो. बाबांनी रेडिओ लावला नव्हता. मध्येच त्यांनी वर पाहिलं.

"म्हणजे गं, तो इतकी वर्षं मला ओ देत होता?"

"हो बाबा," मी म्हणाले. "माझ्या कानात."