धोंड्याच्या ताटावर

जावयाला शिव्या देता येत न्हाईत, हा बापजाद्यांनी करून ठेवलेला एक घोळच हाय. भाऊ असता तर कानाखाली जाळ काढला असता. पोरगा असता तर चार दिवस घरात कोंडला असता. पन जावई! त्याला अहो-जाहो करा, पाट मांडा, आन् तो तुमच्या पोरीचा संसार रेसच्या घोड्यामागं बांधाया निघाला तरी "आजून एक घ्या की" म्हना.

आमचे मच्छिंद्रराव श्रीरामपूरच्या अंगाला एका साखर कारखान्यात कारकून. कायम नोकरी, कारखान्याची खोली, दारात नळ. ही नोकरी म्याच लावून दिली. संचालकाच्या वाड्यावर चपला झिजवल्या, तवा कुठं जमलं. म्हनून सुपारी फोडायच्या टायमाला चार मानसांत मी त्यांच्याकडून शब्द घेतला, आन् त्यांनी दिला बी. "मामा, तुम्हाला विचारल्याशिवाय मी ही नोकरी सोडणार नाही." मी निवांत झालो. आमची चांगुना सुखात पडली म्हनून पुनतांब्यात सगळ्यांला सांगत फिरलो.

आन् औंदा पावसाळ्यात माझा चुलतभाऊ बन्सी गूळ घालाया श्रीरामपूरला गेल्ता, तो बातमी घिऊन आला.

"सहादेव, तुझा जावई दर आयतवारी रेल्वेनं पुन्याला जातोय. घोड्याच्या रेसला."

"गप. तसला न्हाई तो."

"आरं, जिकतो बी म्हनं! पगाराएवढं एका दुपारी आनलं त्यानं."

हरला असता तर बरं झालं असतं. हरलेला मानूस तोंड पाडून का हुईना, घरी येतो. जिकलेल्याला कोन आडवनार? मी धोतर झटाकलं आन् निघालोच हुतो श्रीरामपूरला, पन आमची सालूबाई दारात आडवी झाली.

"कुठं निघाला? धोंड्याचा महिना लागलाय. आठ दिसांनी जावई जेवाया येनार हाय. ह्या महिन्यात जावई म्हंजी नारायन. महिना सरूद्या, मग काय भांडायचं ते भांडा."

औंदा भादवा आधिक. तीन वर्सांनी येनारा महिना, आन् लगीन झाल्यापासनं जावयाचा पहिलाच धोंडा. म्या दात-ओठ खाल्लं, पन थांबलो. बायकूपुढं आन् रीतीपुढं कुनाचं चाललंय?

जावई आले. टेरिलिनचा सदरा, केसाला तेल, तोंडावर हासू. चांगुना मागनं पिशवी घिऊन. मला पोरगी वाळल्यासारखी वाटली, पन बायका म्हनल्या, नव्या संसारात असंच असतं. भावकीतली मानसं जमली. जोडीला पाटावर बसवलं, लक्ष्मी-नारायनाचा जोडा म्हनून. आन् रीतीपरमानं म्या जावयाचे पाय धुतले. ज्याचं तोंड फोडावं वाटत हुतं त्याच्या पायावर पानी घालत हुतो, फडक्यानं पुसत हुतो. काय सांगावं!

मग ताट आलं. पुरनाचे धोंडे, अनारसे, वर तुपाची धार. आता आमच्यात अशी रीत हाय, की जावयानं ताटाला हात लावायच्या आधी सासऱ्यानं इचारायचं, "मागा, काय पाहिजे ते मागा." जावई म्हनतो, "काही नको, तुमचा आशीर्वाद आहे." मग आपुन खिशातली अंगठी काढायची, तो नको नको म्हनतो, आपुन घालायची. सगळ्यांला ठावं असतं. इचारनं नावाला असतं.

म्या बी इचारलं. "मागा, मच्छिंद्रराव, काय पाहिजे ते मागा."

"देणार?"

"देनार की!" पंगतीनं बी हुकारा भरला.

"मग नोकरी सोडायला हो म्हणा. अंगठी नको, काही नको. तुम्हाला शब्द दिलाय म्हणून विचारतो."

माझ्या हातातली अंगठी हातातच ऱ्हायली. "आन् खानार काय?"

"रेसवर जगणार, मामा. पावसाळाभर पुण्याचा सीझन, थंडीत मुंबईचा."

"खोली?"

"खोली कारखान्याची, ती सोडावी लागेल. चांगुणा सध्या इथं राहील."

सध्या! नांदायला दिलेली पोर सध्या हितं ऱ्हानार! माझं डोकं फिरलं, पन तोंडातनं निघालं काय, तर, "आवो, पन जुगार हाय तो."

"जुगार अडाण्याला. मी घोड्याचा बाप बघतो, आई बघतो, पाठीवर वजन किती, चिखलात कसा पळतो, वर बसणारा कोण, सगळं बघून लावतो. आणि मामा, राग मानू नका, तुम्ही दुसरं काय करता? ढगाकडं बघून बी टाकता. दुष्काळात सगळं हरलाच की नाही?"

पंगतीत दोघं-चौघं हासले. म्हनले, बरोबर हाय की. त्याचं उत्तर मला नंतर सुचलं, रानात पान्याचं बारं देताना, फावडं हातात आसताना. आरं बाबा, मी हरलो तरी जिमीन जागच्या जागी हुती, पुढच्या साली तिच्यातच पुन्हा पेरलं. तू हरलास तर घोडा तरी तुझा हाय का? पन तवा काय उपेग? ताटावर सुचायला पाहिजे हुतं.

जावई मांडीवर हात ठिवून बसले. ताटाला हात लावंनात. आन् जावयानं घास उचलल्याबिगर पंगत जेवत न्हाई. तूप थिजाया लागलं. म्हातारी मानसं सकाळपासनं उपाशी, ती कुरकुरू लागली. बन्सी, ज्यानं मला पहिल्यांदा ही बातमी सांगितली तोच बन्सी, म्हनला, "म्हन की व्हय, सहादेव! पहिल्या धोंड्याला जावई रिकामा उठला तर गाव तोंडात शेन घालंल."

सालूबाई चुलीपासनं खुनावत हुती, म्हना, म्हना. तिला काय इचारलंय ते ऐकू बी आलं नसंल. तिला फकस्त ताट थंड हुताना दिसत हुतं.

मी चांगुनाकडं बघितलं. मनात म्हनलं, पोरी, एकदा, नुसती एकदा न्हाई म्हनून मान हलीव. मग मी बघतो गाव अन् नारायन. लाथ मारीन रीतीला. ती नवऱ्याच्या शेजारी पाटावर, भरली ओटी सावरत, माझ्याकडं एकटक बघत हुती. मान काय हलली न्हाई. म्या म्हनलं, झालं, हिला बी पटलंय. दोघांनी घरनंच ठरवून आनलंय, आपुन कशाला वाईट व्हायचं?

"व्हय," म्या म्हनलं. "सोडा."

त्यांनी वाकून नमस्कार केला, घास उचलला, आन् पंगत तुटून पडली.

जेवनं उरकल्यावर परसात चांगुना एकटी हात धूत हुती. मी गेलो आन् तिच्यावरच उखाडलो. दुसऱ्या कुनावर उखाडनार?

"मान हलवाया काय झालं हुतं गं? तुझ्यासाठीच थांबलो हुतो मी!"

"पाटावर बसून, भावकीत, नवऱ्याच्या इरुद्द मान हलवू? आन् मग त्यांच्याबरूबर कंच्या तोंडानं जाऊ?"

"मग माझ्याकडं बघत काय हुतीस?"

ती पदरानं हात पुसत ऱ्हायली. मग हळूच म्हनली, "ते गोकुळाष्टमीच्या आधीपासनं मागं लागलेत, नाना. रोज भांडन. शेवटी म्याच सांगितलं त्यांला, धोंड्याला जाऊ तवा नानांला इचारा. नाना व्हय म्हनले तर माझं बी व्हय."

"आगं, आसं कसं बोललीस तू?"

"तुमी न्हाई म्हनसाल म्हनून. सातवीच्या फुडं साळा मागितली तवा न्हाई म्हनला. शिवनाचं मशीन मागितलं तवा न्हाई म्हनला. इतकी वर्सं मला न्हाईच म्हनत आलात. मला वाटलं, ह्या वक्ताला बी न्हाईच म्हनसाल."